मोझॅक करताना या चुका टाळा: गोंद, निपर आणि ग्राउटची घाई

मोझॅक, म्हणजे काचेचे-टाइलचे तुकडे जोडून केलेलं चित्र, शिकायला येणारे सगळे आधी रंगांचं विचारतात. काचेच्या टाइल्स कुठे मिळतात, निळ्यात किती छटा येतात, मधे आरसे लावले तर कसं दिसेल. तयार झालेली वस्तू राहणार कुठे, हे कोणी सांगत नाही. मी विचारलं की उत्तर येतं, "ते नंतर बघू." पाया कशाचा घ्यायचा आणि गोंद कुठला, हे सगळं त्यावरच ठरतं, म्हणून मी ते ठरल्याशिवाय निपर, म्हणजे तुकडे तोडायची पक्कड, हातात देत नाही.

लाकडाचा गोंद बाहेरच्या कामाला

सगळ्यात जास्त कामं याने वाया जातात. सुतारकामाचा पांढरा गोंद भिंतीवरच्या फ्रेमला, ट्रेला, घरातल्या कोरड्या जागेला उत्तम, मीही वापरते. पण वाळलेल्या थराला सतत पाणी लागलं की साधा गोंद पुन्हा मऊ पडतो.

शिकून गेलेल्या एका ताईंनी कोकणातल्या घरी तुळशी वृंदावनावर मोर केला. पिसाऱ्याला हिरव्या-निळ्या काचा, डोळ्यांना बांगड्यांचे तुकडे, काम खरोखर देखणं. टाइल अॅडेसिव्ह वापरा, असं त्यांना बजावलं होतं. पण ती पावडर कालवायची, हात माखायचे, एवढ्याशा कामासाठी मोठं पोतं कोण आणणार, म्हणून घरातला गोंदाचा डबा उघडला. मे महिन्यात फोटो आले, सगळ्यांनी कौतुक केलं. जुलैत फोन आला. मी जाऊन पाहिलं तर ग्राउट, म्हणजे तुकड्यांमधल्या सांध्यात भरलेला माल, बऱ्यापैकी जागेवर होतं आणि त्यात काचा दुधाच्या दातांसारख्या हलत होत्या. एक काढून पाठ पाहिली. गोंद पांढराफटक आणि चिकट झालेला, नखाने निघत होता. ग्राउट पाणी अडवत नाही, ते पाणी पितं; आणि खालचं सिमेंटचं वृंदावनही ओल धरतं. गोंद दोन्हीकडून भिजला होता. सगळे तुकडे काढून, भिजवून, खरवडून परत बसवले, पण पिसारा पहिल्यासारखा जमला नाही.

आपल्या जुन्या इमारतींच्या गच्चीवरचं चायना मोझॅक आठवा. फुटक्या कपबशा आणि टाइल्स सिमेंटमध्ये बसवलेल्या, त्यावर कित्येक पावसाळे गेलेले. स्पेनमधल्या बार्सिलोनात वास्तुकार गौदीने 1900 ते 1914 या काळात उभारलेल्या पार्क ग्युएलमधला वळणदार बाकही फुटक्या टाइल्सचाच आणि उघड्यावरच. बाहेर आणि न्हाणीघरात सिमेंटचं, पॉलिमर घातलेलं टाइल अॅडेसिव्हच लावा. काचेखाली पांढरं घ्या. राखाडी आरपार दिसतं आणि रंग मरतो. मी एका वेळी तळहाताएवढ्याच भागाला लावते. वर पापुद्रा धरला की तुकडा बसल्यासारखा वाटतो, पण धरत नाही.

पाया

एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, ओल लागली की फुगतं, बाहेर नकोच; सिमेंट बोर्ड घ्या. मातीच्या कुंडीला आतून वॉटरप्रूफिंग करा, नाहीतर ओल बाहेर झिरपते आणि ग्राउटवर पांढरे क्षार फुटतात.

निपरच्या तोंडात अख्खी टाइल

नवशिके टाइल पार आत सारतात, दोन्ही हातांनी दाबतात आणि चुरा झाला की निपरला नावं ठेवतात. साध्या निपरने फक्त कड पकडायची, दोन-तीन मिलिमीटर. तोंड ज्या दिशेला, साधारण त्याच दिशेने चीर धावते. काचेला दोन चाकांचं निपर घ्या. काच वेडीवाकडी तुटायला लागली म्हणजे धार गेली असं बहुतेकांना वाटतं, पण तेवढाच भाग झिजलेला असतो. स्क्रू सैल करून चाकं किंचित फिरवा, नवी धार समोर येते. घरातल्या पकडीने काम भागवू नका. फरशीकामातल्या उरलेल्या व्हिट्रिफाइड टाइल्सही नकोत. फुकटच्या असल्या तरी इतक्या कडक असतात की मनगट दुखतं आणि हवा तो आकार येत नाही.

डोळ्यांना बाजूने बंद असलेला सेफ्टी गॉगल हवाच. रोजचा चष्मा चालत नाही, कण बाजूने शिरतो.

आरशामागे आंबट वासाचं सिलिकॉन

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आरशामागचा मुलामा खातं, मग काळे डाग पडतात. न्यूट्रल सिलिकॉन मागा.

ग्राउटची घाई

दिवस दिवस खपून तुकडे लावलेला माणूस शेवटच्या तासात का धीर सोडतो, हे मला अजून कळलेलं नाही. अॅडेसिव्हला निदान 24 तास द्या. पावसाळ्यात मी दोन दिवस थांबते. नुसतं पांढरं सिमेंट पाण्यात कालवून भरू नका, वाळताना ते आकसतं आणि केसासारख्या भेगा पडतात. तयार ग्राउट आणा आणि पाणी थोडं थोडं घाला. थापी उभी धरली तरी न ओघळणारं, इतपत घट्ट हवं. पांढरं ग्राउट सुंदर दिसतं ही एक समजूत आहे. फिक्या तुकड्यांमध्ये ते चित्र बुडवतं. मी बहुतेक वेळा राखाडीच वापरते.

भरून झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं हात बांधून बसा. तुकड्यांवर धुरकट थर आला आणि सांध्यावर बोट टेकवल्यावर ग्राउट बोटाला लागत नसलं, की घट्ट पिळलेल्या स्पंजने हलक्या हाताने पुसा आणि शेवटी कोरडं फडकं फिरवा. मगाने पाणी ओतणारे सांध्यातला मालच धुऊन काढतात, रंगही डागाळतो. राहिलेला धुरकटपणा दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने घासला की बहुतेक जातो. त्यासाठी फरशी धुवायचं अॅसिड आणणाऱ्यांवर मी ओरडते: ते ग्राउट खातं, आणि कामात संगमरवर असेल तर तोही. सिमेंट हातालाही भाजतं, तेव्हा रबरी मोजे घाला.

स्पंज धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका. गाळ पाइपात बसून दगड होतो. बादली रात्रभर तशीच ठेवा, वरचं पाणी हलकेच काढा आणि खालचा गाळ वाळला की कचऱ्यात टाका.