‘काका, तो गोल आर टाका ना’: लेबल छापायला देण्याआधी काय करायचं

लालबागला माझा छोटा छापखाना आहे. एक जुनं ऑफसेट मशीन, एक डाय-कटिंगचं, आणि कॉम्प्युटरवर कोरल चालवणारा एक पोरगा. मसाले, चिवडा, अगरबत्ती, घरगुती साबण यांची लेबलं आणि खोकी छापून आमचं पोट भरतं. प्रूफ हातात घेतलं की जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, “काका, नावापुढे तो गोल आर टाका ना, भारी दिसतं.”

मी टाकत नाही. गोलातला आर म्हणजे ‘हे नाव सरकारदरबारी नोंदलेलं आहे’. नोंदणी नसताना तसं भासवणं ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे गुन्हा आहे, उगाच दंड ओढवतो. ‘टीएम’ ही दोन अक्षरं मात्र कुणीही, आजपासून, फुकट लावावीत. त्यांचा अर्थ एवढाच की या नावावर माझा दावा आहे.

मी वकील नाही. पण या कागदांमुळे मला एकदा चांगलाच चटका बसलाय आणि त्यानंतर मी वाचायला लागलो. गिऱ्हाइकांना रोज जे सांगतो, तेच इथे लिहितो.

काळाचौकीच्या एक वहिनी आल्या होत्या. मसाल्याचं पाकीट. वर ठसठशीत ‘अस्सल मालवणी मसाला’, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत सासूबाईंचं घरातलं लाडाचं नाव. म्हणाल्या, “याचं पेटंट करायचंय.” आपल्याकडे सगळ्यालाच पेटंट म्हणतात. मी पाकीट टेबलावर उताणं ठेवलं आणि एकेका गोष्टीवर पेन्सिल टेकवली. हे नाव, याला ट्रेडमार्क. हे मिरच्यांचं चित्र आणि मागचा मजकूर, याला कॉपीराइट. उद्या बरणीला वेगळाच आकार दिलात तर त्याला डिझाइन. मिरच्यांची देठं काढणारं नवं यंत्र बनवलंत तर त्याला पेटंट. आणि आतल्या मसाल्याचं प्रमाण? त्याला यातलं काहीच नाही. ते सांगायचं नाही, बस्स. कामाला बाई ठेवली असेल तर तिला भाजलेला मसाला मोजून द्यायचा, वही द्यायची नाही. पाककृतीच्या शब्दांवर तुमचा हक्क असतो. त्या पदार्थांवर आणि प्रमाणावर नसतो.

आता नाव. छोट्या धंद्यात सगळ्यात मौल्यवान तेच, म्हणून आधी त्याचंच बघायचं.

‘अस्सल’ ही स्तुती झाली, ‘मालवणी’ हा मुलूख झाला, ‘मसाला’ तर आत आहेच. असे शब्द कुणा एकाला देत नाहीत, कारण शेजारच्या मसालेवाल्यालाही ते लागणारच. कलम ९ तेच सांगतं. वर्षानुवर्षं वापरून ते शब्द फक्त तुमचेच म्हणून लोकांना ओळखू येत असतील तर गोष्ट वेगळी, पण ते सिद्ध करताना घाम फुटतो. खरं नाव त्या कोपऱ्यात बारीक बसलं होतं. ते मोठं केलं, बाकीचं खाली आणलं. मालाशी काडीचा संबंध नसलेला शब्द सर्वांत पक्का. मसाल्याला पक्ष्याचं नाव द्या, साबणाला नदीचं. गिऱ्हाईक पहिल्यांदा बुचकळ्यात पडेल, पडू द्या.

नाव ठरलं की शोध. सरकारच्या पेटंट-ट्रेडमार्क खात्याच्या, म्हणजे आयपी इंडियाच्या, संकेतस्थळावर ‘पब्लिक सर्च’ आहे, पैसे लागत नाहीत. तिथे वर्ग विचारतात. सगळा व्यापार ४५ वर्गांत वाटलाय: १ ते ३४ वस्तू, ३५ ते ४५ सेवा. मसाला ३० मध्ये, लोणचं २९ मध्ये, कपडे २५ मध्ये, खानावळ ४३ मध्ये. आपली माणसं इथेच चुकतात: नाव मराठी म्हणून एकाच स्पेलिंगने शोधतात आणि ‘काही नाही’ म्हणून खूश होतात. इंग्रजी स्पेलिंगच्या चार तऱ्हा घालून बघा, व्ही आणि डब्ल्यू दोन्ही, एक ए आणि दोन ए. मग ‘फोनेटिक’ शोधही करा, कारण अधिकारी कानाला सारखं लागणारं नावही अडवतात.

अर्जाचा नमुना टीएम-ए. एकटा माणूस, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन एका वर्गाला ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. भागीदारी असेल तर उद्यमचं, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचं, प्रमाणपत्र जोडा, म्हणजे कमी फी लागते. कागदावर अर्ज करायचा तर ५,००० आणि १०,०००, आणि त्यासाठी मुंबईकराला लांब जायला नको: अँटॉप हिलला, पोस्ट ऑफिसजवळ बौद्धिक संपदा भवन आहे. देशाच्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं मुख्य ऑफिसच ते.

अर्जात एक प्रश्न असतो: हे नाव कधीपासून वापरता? इथे फुशारकी नको. जुनी तारीख लिहिलीत तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावा जोडावा लागतो. बिलं, जुनी लेबलं, प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, काहीही चालेल, फक्त त्यावर नाव आणि तारीख दोन्ही हवं. पुरावा नसेल तर ‘वापरणार आहे’ असं सरळ लिहावं. माझी बिलं लोक फडताळात टाकतात आणि पावसाळ्यात वाळवी खाते. आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

अर्ज गेल्यावर काही महिन्यांनी संकेतस्थळावर स्थितीच्या रकान्यात ‘ऑब्जेक्टेड’, म्हणजे ‘आक्षेप आहे’, असं लाल अक्षरात येतं आणि मला रात्री फोन येतात. घाबरायचं कारण नाही, बहुतेकांना ते येतं. परीक्षकाचा अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं, एवढंच. ते चुकलं तर मात्र अर्ज बुडाला म्हणा. मान्य झालं की नाव रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापतात आणि चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतं. हरकतीची प्रत मिळाल्यावर दोन महिन्यांत प्रतिउत्तर नाही दिलं तर तुम्ही अर्ज सोडून दिला असं धरतात. सगळं निभावलं तर दहा वर्षं नाव तुमचं, आणि दर दहा वर्षांनी फी भरत राहिलात तर नातवंडांचंही. तेव्हा या, गोल आर मी स्वतः टाकून देईन. शब्दच नव्हे, बोधचिन्हही नोंदवता येतं. आपल्या कुलाब्याच्या ताज हॉटेलने २०१७ साली अख्ख्या इमारतीचं रूप ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. आपण पाकिटापुरतं बघू.

आता माझ्या चटक्याची गोष्ट.

एका मंडळाचा अहवाल छापायला आला होता, हजार प्रती. मुखपृष्ठावर गणपतीचं सुरेख जलरंगातलं चित्र. कार्यकर्त्याने पेनड्राइव्ह दिला, म्हणाला, “नेटवरून घेतलंय काका, फ्री आहे.” मी प्लेट काढली. गणपती गेल्यावर पंधरा दिवसांनी चित्रकाराची नोटीस आली, मंडळाला आणि मला. शेवटच्या पानावर तळाला ‘मुद्रक’ म्हणून माझंच नाव छापलेलं, मीच मोठ्या हौसेने. चित्रकार भला माणूस होता, पंधरा हजारांवर मिटलं. ते मी भरले. मंडळ अजून ‘बघतो’ म्हणतंय.

तेव्हा कळलं ते असं. गणपती सगळ्यांचा, पण त्याचं प्रत्येक चित्र ज्याने काढलं त्याचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्र काढलं त्या क्षणी हक्क तयार होतो. नोंदणी, शिक्का, कोपऱ्यातला गोल सी, काहीही लागत नाही. चित्रकाराच्या हयातीभर आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं तो टिकतो. नेटवर दिसलं म्हणजे फुकट झालं, असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

दर फेब्रुवारीत मराठी भाषा दिनासाठी कुसुमाग्रजांच्या ओळी मगवर छापून मागतात. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत हक्क शाबूत. विकायचे मग असतील तर परवानगीचं पत्र आणा. तुकोबांचा अभंग हवा तेवढा छापा. तुकोबांची हरकत नाही.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे आणि ती कुणालाच माहीत नसते. तुम्ही डिझायनर पोराला पाच हजार देऊन बोधचिन्ह काढून घेतलं. ते कुणाचं? पैसे दिले म्हणजे आपलं, असं वाटतं. तो तुमचा पगारी नोकर असेल आणि कामाचा भाग म्हणून काढलं असेल, तर तुमचं. बाहेरचा असेल तर लेखी करार होईपर्यंत ते साधारणपणे त्याचं. फोटो काढून घेतला तर उलट, पैसे देणाऱ्याचा. कायदा असा तिरपा आहे. आणि नुसतं ‘हक्क दिले’ लिहूनही भागत नाही: कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत जातो, तसं नको असेल तर आधीच लिहून ठेवावं लागतं. मी गिऱ्हाइकांना हा मजकूर देतो:

“सोबत जोडलेल्या बोधचिन्हाचे सर्व कॉपीराइट हक्क, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी व संपूर्ण जगासाठी, मी रुपये अमुक घेऊन श्री./श्रीमती अमुक यांना कायमचे देत आहे. हे हक्क एका वर्षात वापरले नाहीत तरी ते माझ्याकडे परत येणार नाहीत.”

खाली तारीख, दोघांच्या सह्या, आणि मागे चित्राचा प्रिंट चिकटवून त्यावरही सही. सोबत मूळ कोरल फाइल मागून घ्या, नुसता जेपीजी नको. हे सगळं शेवटचे पैसे देण्याआधी. पैसे दिल्यावर डिझायनर फोन उचलत नाहीत, हा माझा स्वतःचा शोध.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण भांडणात पुरावा म्हणून बरी पडते. अर्ज ऑनलाइन दिल्लीच्या कार्यालयाकडे जातो. लेखनाला किंवा साध्या चित्राला ५०० रुपये, मालावर वापरायच्या चित्राला २,०००, आणि त्याला ट्रेडमार्क रजिस्ट्रीचा दाखलाही लागतो. डायरी नंबर मिळाल्यावर हरकतीसाठी ३० दिवस थांबतात.

डिझाइनबद्दल माहीमच्या कंदील गल्लीतला एक पोरगा आठवतो. घडी घालून पाकिटात मावेल असा आकाशकंदील त्याने काढला होता, डाय माझ्याकडेच बनवली. दसऱ्याला इन्स्टाग्रामवर टाकला, वसुबारसेपर्यंत समोरच्या तीन दुकानांत तोच लटकत होता. रडकुंडीला येऊन म्हणाला, “काका, माझा कॉपीराइट आहे ना?” नाही रे. नोंदवता येण्याजोगी डिझाइन नोंदवली नाही आणि यंत्रावर तिच्या पन्नासहून जास्त प्रती काढल्या, की कॉपीराइट संपतो. त्याने पाचशे काढल्या होत्या. डिझाइनची नोंदणी २००० च्या कायद्याने होते, एकट्या माणसाला १,००० रुपये फी, दहा वर्षं आणि वाढवून आणखी पाच. पण अट अशी की अर्जाआधी ती कुठेच जाहीर झालेली नसावी. इन्स्टाग्राम म्हणजे जाहीरच. आधी अर्ज, मग फोटो.

पेटंटलाही हीच अट. तुमच्याकडे खरंच नवं यंत्र किंवा नवी पद्धत असेल तर तात्पुरता अर्ज टाकून तारीख पकडा, एकट्या माणसाला १,६०० रुपये. मग बारा महिन्यांत पूर्ण वर्णन द्या. ३१ महिन्यांच्या आत तपासणीची मागणी करा, तिचे ४,००० वेगळे. एजंटची फी त्याहून वेगळी आणि खरा खर्च तोच. मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं. धंद्याची पद्धत, नुसता कॉम्प्युटर प्रोग्रॅम, आजीबाईच्या बटव्यातलं औषध यांना आपल्याकडे पेटंट नाही. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं होतं. गिरगावात वाढलेले डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ पुढे करून ते १९९७ मध्ये रद्द करायला लावलं. तेव्हा सासूबाईंचा काढा घेऊन पेटंटला जाऊ नका. माझ्या गिऱ्हाइकांत आजवर पेटंट खरंच लागलं असा एकच निघाला.

काळाचौकीच्या वहिनींचा अर्ज सध्या ‘ऑब्जेक्टेड’ आहे. तसंच ऐकू येणारं नाव दुसऱ्या कुणीतरी वर्षभर आधी नोंदणीला टाकलंय. पण त्याचा वापर २०२१ पासूनचा. वहिनी काल गोणपाटाची पिशवी घेऊन आल्या, आम्ही दोघांनी माझ्या टेबलावर बिलं पसरली. सर्वांत जुनं माझ्याच हातचं निघालं: ‘लेबल, क्रोमो, दोन रंग, १,००० नग’, पुढे सासूबाईंचं नाव आणि २०१६ ची तारीख. कार्बन फिका पडलाय, पण भिंगातून वाचता येतं. त्याच्या तीन गडद झेरॉक्स काढल्यात. उत्तराला अजून अकरा दिवस आहेत, आणि त्यांना आता त्या वेळचं एक पाकीट हवंय. कुणाच्या फडताळात असेल तर बघा.