वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात कार्बनचा हिशेब मांडताना

पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी नाशिकमधील एका सल्लागार कार्यालयात रुजू झालो आणि पहिलेच काम मिळाले ते अंबड औद्योगिक वसाहतीतील सलाईन सेट व कॅथेटर बनवणाऱ्या एका कारखान्याचे. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसल्यामुळे सेबीचा बीआरएसआर (पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा) अहवाल तिला लागू नव्हता. मात्र इंग्लंडच्या एनएचएसने (सरकारी आरोग्यसेवेने) पुरवठादारांसह 2045 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले असल्याने तिथल्या ग्राहकाने उत्सर्जनाचे आकडे मागितले होते.

ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतील तीन स्कोप, म्हणजे उत्सर्जनाचे गट, मला पाठ होते: आवारात जळणारे इंधन व गळणारे वायू पहिल्यात, विकत घेतलेली वीज दुसऱ्यात आणि पुरवठ्यापासून विल्हेवाटीपर्यंतचे बाकी सारे, 15 प्रकारांत विभागलेले, तिसऱ्यात. उत्पादन विभागातील साहेबांनी पहिल्याच दिवशी डीजी सेटच्या (डिझेल जनित्राच्या) धुराकडे बोट दाखवले. प्रत्यक्षात हजार लिटर डिझेलमागे सुमारे 2.7 टन कार्बन डायऑक्साइड निघतो, तर आपल्या ग्रिडवरील एक लाख युनिट विजेमागे सुमारे 70 टन. क्लीनरूममधील (धूळ व जंतू रोखलेल्या उत्पादन कक्षातील) हवेचा दाब आणि स्वच्छता टिकवण्यासाठी एएचयू (हवा गाळून खेळवणारी यंत्रे) व चिलर (थंडावा देणारी यंत्रे) रात्रंदिवस चालतात, म्हणून मशिने बंद असलेल्या साप्ताहिक सुटीलाही विजेचा आलेख फारसा खाली येत नव्हता. इथे एक चूक माझ्या हातून झाली, ती नव्याने येणाऱ्यांनी टाळावी: महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे बिल 2020 पासून केव्हीएएचवर (ग्रिडकडून घेतलेल्या एकूण आभासी ऊर्जेवर) आकारले जाते, पण उत्सर्जन गुणांक (युनिटमागे किती उत्सर्जन तो आकडा) लावायचा असतो केडब्ल्यूएचला, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांना. मी बिलातला ठळक आकडा उचलला होता.

चिलरच्या देखभालीची वही कोणी आपणहून देत नाही, ती मागावी लागते. त्यातील आर-410ए या थंडावा देणाऱ्या गॅसचा तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट असतो, त्यामुळे ‘दहा किलो गॅस भरला’ (म्हणजे तेवढा आधी गळाला) या अर्ध्या ओळीच्या नोंदीचा अर्थ सात हजार लिटरांहून अधिक डिझेल जाळण्याइतका होतो.

खरा धडा मात्र पुढेच होता. दोन वर्षांत प्रति नग उत्सर्जन लक्षणीय घटल्याचे दिसले आणि मी मसुद्यात कौतुकाचा परिच्छेद लिहून मोकळा झालो. आमच्या वरिष्ठ मॅडमनी तो वाचून एवढेच विचारले, “निर्जंतुकीकरणाचा चेंबर कुठे आहे?” चेंबर मी पाहिलाच नव्हता, कारण तो आता तिथे नव्हता, गेटवरच्या चलनांवरून कळले की माल एथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक वायूच्या प्रक्रियेसाठी बाहेर जॉबवर्कला (दुसऱ्या कारखान्यात मोबदला देऊन करून घ्यायला) जातो. या प्रक्रियेत निर्वात पंप, उष्णता आणि बाष्प लागतेच, शिवाय मालात उरलेला वायू काढण्यासाठी तो नंतर तासन्‌तास गरम हवेत ठेवावा लागतो. हे उत्सर्जन थांबले नव्हते, केवळ कुंपणाबाहेर गेले होते. अशा वेळी प्रोटोकॉलनुसार एकतर बाहेर गेलेले उत्सर्जन अप्रत्यक्ष म्हणून नोंदवावे लागते, नाहीतर आधारवर्षाचा (ज्याच्याशी तुलना होते त्या वर्षाचा) हिशेब पुन्हा मांडावा लागतो. आम्ही जॉबवर्कवाल्याकडून प्रत्येक चक्राचे वीज व इंधनाचे आकडे मिळवून ते स्कोप 3 मध्ये घेतले.

एथिलीन ऑक्साइड कार्बनच्या तक्त्यात स्वतंत्रपणे येत नाही, पण तो कर्करोगजनक असल्याचे सिद्ध झालेले आहे. म्हणून शाश्वततेचे मूल्यमापन करताना कामगारांच्या संपर्काची मोजमापे पाहिल्याशिवाय, ते काम दुसऱ्याच्या छपराखाली होत असले तरी, शेरा देऊ नये असे माझे मत आहे.

कच्चा माल म्हणून घेतलेल्या प्लास्टिकच्या दाण्याचे उत्सर्जन खरेदीच्या रुपयांवरून काढण्याचा सोपा मार्ग उपलब्ध असतो, पण भाव चढला की त्यात उत्सर्जनही चढलेले दिसते. म्हणून स्टोअरच्या नोंदीतून किलो घ्यावेत. सुधारित अहवालात प्रति नग घट उरली ती मुख्यतः एएचयूच्या पंख्यांना बसवलेल्या व्हीएफडीमुळे (गरजेनुसार वेग बदलणाऱ्या उपकरणांमुळे) झालेली, आणि कंपनीने तीच ग्राहकाला कळवली.