भजनाची चाल वाजवायची तर तारा कशा लावाव्यात

तीन तारांच्या सिगार बॉक्स गिटारला (सिगारच्या खोक्यापासून बनवलेल्या गिटारला) साध्या गिटारची पाचवी, चौथी, तिसरी तार चढवा आणि सा-प-सां (सां म्हणजे वरचा सा) लावा. भजनी मंडळाच्या पेटीवरची पांढरी पाच (म्हणजे G) हा सा. मग जाड तारेवर सा मोकळा, रे दुसऱ्या पडद्यावर (फ्रेटवर), ग चौथ्यावर, म पाचव्यावर. प मधली तार मोकळी. ध, नी तिच्याच दुसऱ्या-चौथ्यावर. सां बारीक तार मोकळी. अख्खं सप्तक पाच पडद्यांत! मला हीच जुळणी आवडते, शेजारच्या मोकळ्या तारा तंबोऱ्यासारख्या गुंजत राहतात.

आमच्याकडे वर्धा जिल्ह्यात वैशाखात वाद्य उन्हातून आणलं की तारांचा सूर उतरलेला असतो. ओसरीत थोडं निवू द्या, मगच खुंट्या पिळा.