भूक पोटात नव्हती, डोक्यात होती

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीनंतर, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकायच्या शस्त्रक्रियेनंतर, सहाव्या दिवशी मी चक्क रडले. कारण काय, तर शेजारून आलेला लसणाच्या फोडणीचा वास! पोटात भूक नव्हतीच. जठराचा जो भाग कापून काढतात, तिथेच घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक मुख्यतः तयार होतं. ही भूक डोक्यातली. आहारतज्ज्ञ बाईंनी हा फरक समजावला तेव्हा जरा हायसं वाटलं.

जेवणाच्या वेळी मी खोलीचं दार लावून बसायचे. त्यानं आणखीच एकटं वाटे. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, ये की वाटी घेऊन आमच्यात." मग ३० मिलीच्या औषधाच्या मापातून गाळलेलं मुगाचं कढण, घोट घोट, सगळ्यांबरोबर. एक माप संपायला १५ मिनिटं, म्हणजे गप्पांना वेळच वेळ. गोड प्रोटीन पावडरीचा वीट आला होता. पातळ ताकानं तोंडाला चव आली. रडू आलं की गच्चीवर दहा मिनिटं फेऱ्या. बहुतेकदा खाली येईपर्यंत ओसरायचं. नाहीच ओसरलं तर बहिणीला फोन.

पंधराव्या दिवशी मिक्सरमधून काढलेला वरणभात मिळाला. चार चमचे. सासूबाईंनी वर तूप घातलं, मोजून दोन थेंब.