ओट्यावर सनमायका लावताय? या चुका टाळा

गणपती जवळ आले की फोन सुरू होतात. "ओटा फोडायचा नाही, ग्रॅनाइटचा खर्च नको, पण गौरी यायच्या आत स्वयंपाकघर नवं दिसलं पाहिजे." मागणीत काही वावगं नाही. जुन्या कडप्प्यावर 18 मिलिमीटरचा प्लाय, त्यावर 1 मिलिमीटरचा सनमायका, पुढे पट्टी, भिंतीशी सिलिकॉन. नीट केलं तर वर्षानुवर्षं टिकतं आणि घरात मलबाही होत नाही. बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या घरांपासून वाघोडिया रोडच्या फ्लॅटपर्यंत असे बरेच ओटे मी केलेत, आणि दुसऱ्यांनी केलेले त्याहून जास्त उखडलेत. उखडायच्या कामात पैसे बरे सुटतात. तरी लिहितोय, कारण सिंकपाशी फुगलेला तोच तो कोपरा बघून आता वीट आलाय.

कडेकडे न बघणं

सनमायका हे खरं तर एका मालाचं नाव, पण आपण सगळ्याच लॅमिनेटला तेच म्हणतो. नावात मायका, म्हणजे अभ्रक आहे, मालात नाही. अमेरिकेत 1912 च्या सुमारास विजेच्या उपकरणांत अभ्रकाऐवजी वापरायला असं लॅमिनेट काढलं, आणि 'फॉर मायका'चं फॉर्मायका झालं. आत असतो तो कागद. तपकिरी क्राफ्ट कागदाचे फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेले थर, वर मेलामाइन चढवलेला डिझाइनचा कागद, सगळं उष्णता आणि दाब देऊन एकजीव केलेलं. वरून बादलीभर पाणी ओता, त्याला ढिम्म होत नाही. पण कापलेली कड जवळून बघा. बारीक तपकिरी रेघ दिसेल, आणि तिच्याखाली उघडा प्लाय. पाणी शिरतं ते तिथून.

गिऱ्हाईक दीड तास डिझाइनचं पुस्तक चाळतं, ट्यूबलाइटखाली बघतं, बाहेर उन्हात नेऊन बघतं. कडेला काय लावणार, हे मला आजवर फार थोड्यांनी विचारलंय.

सिंकपाशी उरलासुरला बोर्ड

ही माझी सगळ्यात नावडती चूक. बेडरूमच्या कपाटाचं काम झालेलं असतं, बोर्डाचे तुकडे गॅलरीत उभे असतात, आणि मिस्त्री म्हणतो, "आ चालशे", म्हणजे हे चालेल. आमच्या गावातली निम्मी कामं या 'चालशे'नं बिघडवली आहेत.

कारेलीबागेतल्या एका काकूंनी बोलावलं होतं. ओटा करून चारच महिने झाले होते. "भाऊ, इथं जरा फुगल्यासारखं वाटतंय, बघता का?" जरा कसलं! सिंकच्या पुढच्या कडेला सनमायक्याला पोळीसारखा पदर सुटला होता. अंगठ्यानं दाबलं तर आतून पाणी आलं, त्याला भांड्यांच्या साबणाचा आंबूस वास. पट्टी काढली. आत पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, भिजत घातलेल्या वालांसारखा टम्म फुगलेला. पटाशी पिशवीतून काढावीच लागली नाही, नुसत्या मुठींनी भुसा उपसला आणि पाटीत भरला. सिंकसाठी पाडलेल्या भोकाची कड कोरी होती. ना फेविकॉल, ना प्रायमर, ना सिलिकॉनचा थेंब. सिंकच्या काठाखालून झिरपणारं पाणी तो बोर्ड चार महिने रोज पीत होता.

"पण मी तर रोज दोनदा पुसते हो," काकू म्हणाल्या. पुसतच होत्या. वरून ओटा आरशासारखा लखलखीत होता. बिचाऱ्यांना नवा ओटा पुन्हा पहिल्यापासून करावा लागला, आणि पहिल्या वेळी वाचले होते त्याहून जास्त पैसे गेले.

प्लाय घेताना शीटवरचा शिक्का वाचा. बिलावर काहीही लिहिता येतं. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस 303 चा एमआर म्हणजे दमट हवा सोसणारा, पाणी सोसणारा नव्हे, तो कपाटाला. त्याच 303 मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारा, ओट्याच्या कोरड्या भागाला चालतो. सिंकच्या आजूबाजूला मी आयएस 710 चा मरीनच लावतो. त्याचा तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. फरक किती पडतो ते 2024 च्या ऑगस्टमध्ये आमच्या विश्वामित्री नदीनं दाखवलं. पूर ओसरल्यावर ज्या तळमजल्यांवर मी गेलो, तिथं एमडीएफ (लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेला बोर्ड) आणि पार्टिकल बोर्डाची खालची कपाटं पाय सोडून बसली होती. चांगल्या प्लायची धुऊन, वाळवून पुन्हा उभी केली.

भोक पाडलं की सिंक बसवायच्या आधी त्या कापलेल्या कडेला वॉटरप्रूफ फेविकॉलचे दोन हात. पहिला प्लाय पिऊन टाकतो, दुसरा वर राहतो. मग सिंकच्या काठाखाली सिलिकॉनची अखंड रेघ. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम, पण बसवल्यावर ते दिसत नाही, म्हणून कुणी करत नाही.

जाता जाता: भोकाचे कोपरे काटकोनात कापू नका. आधी चारही कोपऱ्यांत ड्रिलनं गोल भोकं, मग ती करवतीनं जोडायची. टोकदार कोपऱ्यातून सनमायका तडकतो आणि तडा थेट पुढच्या पट्टीपर्यंत चालत येतो. करणारा म्हणतो, "मालच खराब होता."

चार भागिले दोन बरोबर दोन, असं समजणं

शीट 8 बाय 4 फुटांची असते. ओटा 2 फूट खोल. म्हणजे एका शीटचे दोन लांब तुकडे, सोळा फूट ओटा झाला! हा हिशेब कागदावर करून माझ्यासमोर बसणारे इंजिनिअरही पाहिलेत. करवतीच्या पात्याची जाडी कुठं गेली? कडेला घासायला सोडलेले दोन-तीन मिलिमीटर? ओटा कपाटापुढे इंचभर काढणार, म्हणजे 25 इंच खोल. 48 इंचांत 25 चे दोन तुकडे बसतात का? मग ऐनवेळी भिंतीच्या बाजूला चिंचोळा तुकडा जोडतात, नेमका नळामागे, जिथं पाणी साठतं. आधी मापं काढा, मग शीट घ्या, आणि दोन लागत असतील तर दोन्ही एकाच वेळी, एकाच गठ्ठ्यातून घ्या. नंतर आणलेल्या शीटची छटा किंचित का होईना वेगळी निघते.

जुन्या घरात भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, असेल अशी आशा ठेवू नका. दांडिया बाजारात एका टोकाला 23 आणि दुसऱ्या टोकाला 24 इंच असे ओटे मी मोजलेत. पुठ्ठ्याचा साचा कापून घ्या.

फेविकॉलला वेळ न देणं

आता स्वतःची फजिती सांगतो. मी चोवीस वर्षांचा होतो, उस्तादाकडे दोन वर्षं झाली होती, म्हणजे सगळं येतं असं वाटायचं वय. आईच्या ओट्यावर सनमायका लावायला घेतला, रविवारी, भर जुलैत. तीन वाजता पोलो ग्राउंडवर मॅच होती.

सनमायक्याला लावतात तो रबरवाला फेविकॉल पांढऱ्यासारखा नसतो. पांढरा लावला तर शीट सरकवता येते, पण मग दिवसभर वजन ठेवून दाबावी लागते. रबरवाला दोन्हीकडे लावायचा, प्लायलाही आणि शीटच्या पाठीलाही, आणि मग हात बांधून बसायचं. बोटाची पाठ टेकवली की चिकट लागलं पाहिजे, पण बोटावर काही यायला नको. त्याला दहा मिनिटं लागतील, वीस लागतील, पावसाळ्यात त्याहून जास्त. मी पाच मिनिटं थांबलो. मग एकट्यानंच शीट उचलली, डोळ्यानं अंदाज घेतला आणि टेकवली.

डाव्या टोकाला बरोबर बसली. उजव्या टोकाला अर्धा इंच आत. ओढायला गेलो तर कोपरा कट्ट आवाज करून हातात आला. दुसऱ्या दिवशी उस्ताद आले, ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "एक वार चोंट्युं एटले पत्युं." एकदा चिकटलं की संपलं. फेविकॉलातलं थिनर आत अडकलं होतं, आठवड्याभरात मधोमध बशीएवढा फुगा आला. आईनं त्यावर मसाल्याचा डबा ठेवला. नऊ वर्षं तो डबा तिथून हलला नाही आणि ती मला एका शब्दानंही बोलली नाही. कुणी पाहुणी डबा सरकवायला गेली की मात्र म्हणायची, "राहू दे ग, तिथंच बरा आहे."

आता मी असं करतो. फेविकॉल सुकला की प्लायवर वीतवीतभर अंतरावर लाकडाच्या कोरड्या पट्ट्या आडव्या टाकतो, वायरिंगच्या पीव्हीसी पट्ट्याही चालतात. त्यावर शीट ठेवायची. ती खाली चिकटत नाही, त्यामुळे हवी तशी सरकवता येते. चारही बाजूंना थोडी बाहेर आहे ना, बघायचं. मग मधली पट्टी काढून तिथं दाबायचं आणि मधून दोन्ही टोकांकडे जायचं, म्हणजे हवा बाहेर पडते. शेवटी लाकडाच्या ठोकळ्याला फडकं गुंडाळून सगळीकडे हलक्या हातानं ठोकायचं. बोटांच्या पेरांनी टकटक करून ऐका, पोकळ आवाज आला तिथं पुन्हा ठोका. तरी वाकडी बसलीच तर ओढू नका. कडेनं थिनर सोडत, पातळ सुरी सरकवत हळूहळू सुटते. हे मला त्या जुलैत माहीत नव्हतं.

भर पावसात हे काम काढूच नका, असं माझं मत. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी फेविकॉलावर धरतं. वर पांढुरकी झाक दिसली की ती जागा धरणार नाही. शीट आणि प्लाय दोन-तीन दिवस आधी स्वयंपाकघरात आणून ठेवा. गोदामातून आणलं आणि लगेच चिकटवलं की पुढे हवेप्रमाणे दोन्ही आपापल्या वाटेनं हलतात.

आणि हे हसण्यावारी नेऊ नका: या फेविकॉलाची वाफ पेटते. सिलिंडर बंद करून बाहेर ठेवा, खिडक्या सताड उघडा. आपल्या जुन्या घरांत देवघर स्वयंपाकघरातच असतं. एकदा मी डबा उघडला आणि मागे कोपऱ्यात निरांजन तेवत होतं. आजींना म्हटलं, "आजी, देवाला आज दुपारपुरतं बाहेरच्या खोलीत बसवू या." त्या आधी रागावल्या, मग स्वतःच निरांजन उचलून घेऊन गेल्या.

बाकीच्या, थोडक्यात

कडप्प्यावर थेट सनमायका: नको. दगड गार आणि ओलसर राहतो, वर वर्षांचं तेल मुरलेलं. मध्ये प्लाय हवाच, आणि त्याआधी सोड्याच्या गरम पाण्यानं दगड घासून दोन दिवस वाळू द्या.

स्वस्तातली 0.6 किंवा 0.7 ची शीट कपाटाच्या आत लावा. ओट्यावर 1 मिलिमीटरच.

जिथं फळी नुसती कपाटाच्या सांगाड्यावर बसते, तिथं खालच्या बाजूलाही साधी शीट लावा, नाहीतर ती कमान धरते.

चकचकीत काळा रंग शोरूममध्ये छान दिसतो. घरी पहिल्याच दिवशी पिठाचा हात लागतो.

कानस नेहमी वरून खाली, प्लायच्या दिशेनं. उलटी ओढली की कडेचे टवके उडतात.

तळणीचं तेल 180 अंशांच्या आसपास असतं. ती कढई उतरवून सनमायक्यावर ठेवायची आणि डाग पडला म्हणून मला फोन करायचा, असं नको. मी शेगडीखाली आणि तिच्या उजव्या हाताला ग्रॅनाइटचा तुकडा बसवतो. दगडवाल्याकडे कापून उरलेले असतात, घासाघीस केली की स्वस्तात मिळतात. दोन रंगांचा ओटा दिसायला वाईट दिसत नाही, उलट मुद्दाम केल्यासारखा दिसतो.

ओटा दोनेक सेंटीमीटर वर येणार, हे आधी मोजा. नळाची मान, टाइल्सची रेघ, मिक्सरचं बटण, सगळं बघा. एका जुन्या घरात खिडकीची झडप आत उघडायची आणि चौकट ओट्याला लागून. काम पूर्ण झालं, वहिनींनी खिडकी ओढली, ती अडली. रंध्यानं झडपेची खालची कड तासून दिली, पण त्या दिवशी चहा काही मिळाला नाही.

सिलिकॉन भरलं की 24 तास नळ सोडायचा नाही. "रात्रीची भांडी तेवढी घासून घेऊ का?" असं प्रत्येक घरात विचारतात. नाही. भांडी मोरीत घासा, आणि रात्री बाहेरून शेवउसळ आणा.