अनोळखी माणसांचे फिल्मवर फोटो: या चुका टाळा

मंडईत भाजीच्या गाळ्यासमोर उभं राहायचं, कॅमेरा डोळ्याला लावायचा, मग फोकसची रिंग फिरवायची, मग उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई बघायची, मग शटर स्पीड बदलायचा. तोवर मावशींनी पदर सारखा केलेला असतो आणि शेजारचा पोरगा दोन बोटं वर करून दात दाखवत असतो. रस्त्यावरच्या माणसांचे फिल्मवरचे फोटो बहुतेक असेच फसतात. कॅमेऱ्याची जुळवाजुळव माणूस समोर यायच्या आधी उरकलेली हवी.

फोकस माणूस दिसल्यावर करणं

हाताने फोकस करायच्या लेन्सवर अंतराचे आकडे असतात आणि त्यांच्याखाली एफ ८, एफ ११, एफ १६ (हे लेन्सच्या छिद्राचे आकडे; आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) अशा जोडीच्या रेघा. त्या शोभेच्या नाहीत; त्या छिद्राला कुठपासून कुठपर्यंत स्पष्ट येईल ते त्या सांगतात. ३५ मिलिमीटरची लेन्स एफ ८ वर ठेवून ३ मीटरवर फोकस लावला, तर साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग रिंगला हात लावायचंच कारण उरत नाही. कॅमेरा वर, बटण, कॅमेरा खाली. ५० ची लेन्स मात्र एवढी माफ करत नाही. त्याच एफ ८ वर आणि ३ मीटरवर तिची हद्द सुमारे २.३ ते ४.२ मीटर एवढीच. म्हणून ५० वाल्यांनी अंतराचा अंदाज पक्का करावा. घरात भिंतीपासून तीन मीटर मोजून उभं राहायचं, ते अंतर डोळ्यात बसेपर्यंत.

मीटरवर आंधळा विश्वास

जुना मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. आपल्याकडे तो हमखास चकतो. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी आणि उन्हाने रापलेला चेहरा, असा वारकरी चौकट भरून समोर आला की मीटरला वाटतं उजेड भरपूर आहे. फोटोत कपडे करडे येतात आणि चेहरा काळाठिक्कर. मागे उघडं आकाश असलं तरी तेच. अशा वेळी मीटर सांगतो त्यापेक्षा एक ते दीड स्टॉप जास्त उजेड द्यावा (एक स्टॉप वाढवला की उजेड दुप्पट). निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड बराच पचवते, कमी पडलेला पचवत नाही. स्लाइड फिल्मचं, म्हणजे जिच्यावर थेट सुलटं चित्र येतं तिचं, गणित याच्या उलट.

त्याहून सोपं म्हणजे रस्त्यावर पाऊल टाकतानाच हिशेब करून ठेवणं. ४०० आयएसओची फिल्म (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा) आणि लख्ख ऊन असेल तर एफ १६ आणि १/५०० सेकंद. इमारतीच्या मोकळ्या सावलीत चारएक स्टॉप कमी, म्हणजे एफ ५.६ आणि १/२५०. चालत्या माणसासाठी १/२५० च्या खाली शक्यतो जाऊ नये. उन्हातून सावलीत शिरताना आकडे बदलायचे, सावलीत माणूस सापडल्यावर नाही. मंडईच्या आतल्या अंधारात तर कधी कधी एफ २.८ आणि १/६० ही पुरत नाही. तिथे उभ्या किंवा बसलेल्या माणसांकडेच बघावं.

फिल्म पुश करायची असेल, म्हणजे ४०० ची १६०० म्हणून वापरायची असेल, तर अख्खा रोल तसाच काढायचा आणि लॅबला तसं सांगायचं. अर्ध्या रोलनंतर डायल फिरवून काही साधत नाही.

जुन्या बाजारातून घेतलेल्या कॅमेऱ्यात आणखी एक खोट असते. सत्तरच्या दशकातले बरेच कॅमेरे पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर बेतलेले होते. ते सेल आता बनत नाहीत. त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की अनेक मॉडेलांचा मीटर उजेड आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो आणि रोलच्या रोल अंधारे निघतात. कानाच्या यंत्रात वापरतात तो ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो, तो बराच जवळचा पडतो.

व्ह्यूफाइंडरचे डाव

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही, त्यामुळे झाकण तसंच राहिलं तरी चित्र झकास दिसतं. बाहेर पडताना झाकण घरीच ठेवा. पेंटॅक्स के १००० वापरणाऱ्यांनी मात्र काम झालं की झाकण लावावं, कारण त्याच्या मीटरला बंद करायचं बटण नाही आणि उजेडात सेल उतरत जातो.

वरून खाली बघायचा दोन लेन्सचा कॅमेरा अनोळखी माणसांसाठी उत्तम. भारतातल्या पहिल्या महिला छायापत्रकार होमाई व्यारावाला यांच्याकडेही असाच रोलिफ्लेक्स होता. मान खाली असते, समोरच्याला आपण टक लावून बघतोय असं वाटत नाही. पण काचेवरचं चित्र डावं-उजवं उलटं असतं. चालत्या माणसाच्या मागे कॅमेरा नेमका उलट्या दिशेला वळतो आणि माणूस चौकटीबाहेर जातो. सुरुवातीला चौकट आधी धरून ठेवा आणि माणसाला तिच्यात येऊ द्या.

माणसांशी वागताना

पलीकडच्या फुटपाथवरून १३५ ची लेन्स लावून चोरून काढलेला फोटो चोरल्यासारखाच दिसतो, असं माझं ठाम मत आहे. जवळ जा. नजरानजर झाली तर सरळ विचारा, "काका, तुमचा एक फोटो काढू का?" "कशाला, पेपरात येणार का?" हा प्रश्न येणारच, खरं उत्तर द्या. हो म्हणाले की ते ताठ उभे राहतील. तो फोटो काढा, तो त्यांचा. लगेच फिल्म पुढे सरकवा आणि दोन मिनिटं तिथेच रेंगाळा. काका पुन्हा तराजूकडे वळतील तेव्हाचा फोटो तुमचा. पहिल्यानंतर फिल्म पुढे न सरकवल्याने हा दुसरा हुकतो.

मग येतं "दाखवा की." मोबाइलने सगळ्यांना तशी सवय लावली आहे. रोलचा कॅमेरा आहे असं सांगा; वयस्कर लोकांना ते चटकन कळतं आणि गप्पाही सुरू होतात. पण "प्रिंट आणून देतो" हे तोंडदेखलं बोलू नका. गाळेवाला, रिक्षा स्टँडवरचा चालक पुन्हा सापडतो, त्याला द्याच. एसटी स्टँडवर भेटलेल्याला व्हॉट्सअॅपवर स्कॅन पाठवा. लहान मुलं असतील तर आईबापांना विचारा. नाही म्हणजे नाही, तिथे लाडीगोडी नको.

रोल बिघडला, पण का?

फिल्म पुढे सरकवताना डावीकडची गुंडाळायची खुंटी फिरत नसेल तर फिल्म पलीकडच्या रिळाला धरलेलीच नाही. ३६ चा रोल चाळिसाव्या फोटोलाही संपत नसेल तरी तीच शंका घ्या. पाठ उघडण्याआधी रोल पूर्ण गुंडाळा.

धुतलेली निगेटिव्ह कोरी, पण कडेचे छापील आकडे स्वच्छ दिसताहेत? मग फिल्मवर उजेडच पडला नाही: झाकण, शटर किंवा न सरकलेली फिल्म. आकडेही नसतील तर धुण्यात घोळ आहे. सगळं काळं असेल तर पाठ उघडली गेली असावी. हे ओळखायला निगेटिव्ह हातात असावी लागते, आणि हल्ली बरेच जण फक्त स्कॅन घेऊन येतात. स्कॅनर पातळ, म्हणजे कमी उजेड पडलेली, निगेटिव्ह उजळून देतो, त्यामुळे मीटरची चूक महिनोन्‌महिने कळत नाही. रोल टाकतानाच "निगेटिव्ह परत हव्यात" असं पावतीवर लिहून घ्या.