न्यूटोनियनला कॅमेरा लावताय? पैसे घालण्याआधी या चुका टाळा

न्यूटोनियन टेलिस्कोपवर (लेन्सऐवजी आरशाने प्रकाश गोळा करणारी दुर्बीण) फोटो काढायचं ठरलं की बहुतेकांची खरेदीची यादी ठरलेली असते, आधी भारी कॅमेरा, मग कोमा करेक्टर (कडेच्या ताऱ्यांना फुटणारं शेपूट घालवणारी लेन्स), मग फिल्टर, आणि एवढं सगळं लावून पहिला फोटो बघितला की तारे कुठे लांबुळके तर कुठे त्रिकोणी. मग सगळा दोष आरशावर जातो. पण साध्या १५० किंवा २०० मिमीच्या न्यूटोनियनचा आरसा बहुतेक वेळा ठीकठाकच असतो हो, ढिलं असतं ते बाकीचं, म्हणजे फोकसर (आयपीस किंवा कॅमेरा आत-बाहेर सरकवणारा भाग), सेकंडरीचा म्हणजे पुढच्या छोट्या तिरप्या आरशाचा होल्डर, प्रायमरीच्या म्हणजे तळाच्या मुख्य आरशाच्या स्प्रिंगा, नळी धरणाऱ्या रिंगा. ही दुर्बीण डोळ्याने बघायला बनवलेली असते आणि डोळा बरंच काही चालवून घेतो, कॅमेरा काहीच चालवून घेत नाही. त्यामुळे काचेवर खर्च करण्याआधी लोखंडावर करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याआधी अजून एक. आपल्याकडे नक्की कोणती दुर्बीण आहे ते बघून घ्या. लेबलवर फोकल लेंग्थ १००० मिमी आणि नळी जेमतेम अर्धा मीटर लांब, असं असेल तर ती बर्ड-जोन्स प्रकारची आहे, म्हणजे आत गोलीय आरसा आणि फोकसरच्या तळाशी एक करेक्टर लेन्स बसवलेली. ११४/१००० आणि १२७/१००० या मापात हा प्रकार खूप दिसतो. तिच्यावर अपग्रेडचा एक पैसाही घालू नका. चंद्र बघा, मजा घ्या, आणि फोटोसाठी वेगळी नळी घ्या. ती लेन्स काढून टाकली की साधी न्यूटोनियन होते असा सल्लाही कुठे कुठे मिळतो, त्याच्या नादी लागू नका, आरसा गोलीयच राहतो ना.

फोकसच लागत नाहीये

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. फोकसर पूर्ण आत नेला तरी तारा भोपळ्याएवढा. कारण सोपं आहे. डीएसएलआरमध्ये सेन्सर लेन्स माउंटच्या तोंडापासून बराच आत असतो, कॅननच्या ईएफ माउंटला ४४ मिमी, त्यात टी-रिंगचे (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी रिंग) ११ मिमी धरले की झाले ५५ मिमी, आणि डोळ्यासाठी बनवलेल्या नळीत आरशाचा फोकस तेवढा बाहेर येतच नाही. मिररलेस घेतला की सुटलो असं वाटतं पण त्याची टी-रिंगच मुद्दाम लांब केलेली असते, एकूण अंतर परत ५५च.

इथे चूक अशी होते की लोक बार्लो (प्रतिमा मोठी करणारी लेन्स) लावून मोकळे होतात. बार्लोने फोकस लागतो हे खरं, पण २एक्स बार्लोने एफ/५ ची (फोकल लेंग्थ आरशाच्या व्यासाच्या ५ पट असलेली) दुर्बीण एफ/१० होते आणि तेवढाच प्रकाश जमवायला चौपट वेळ लागतो. ग्रहांना चालेल, नेब्युलाला नाही.

त्यापेक्षा आधी मोजा. रात्री चंद्रावर दुर्बीण लावा (चंद्रावरच, सूर्यावर कधीही नाही), आयपीस काढा, फोकसर पूर्ण आत न्या आणि त्याच्या तोंडावर ट्रेसिंग पेपर धरून हळूहळू वर-खाली करा. एका उंचीवर कागदावर चंद्राची कड एकदम रेखीव दिसेल, ती उंची फोकसरच्या तोंडापासून पट्टीने मोजा. समजा ३५ मिमी आली आणि कॅमेऱ्याला ५५ हवेत, तर तुम्हाला २० मिमी कमी पडतायत, वर अडॅप्टरची जाडी आणि थोडी मोकळीक धरा. करेक्टर लावणार असाल तर तोही फोकस थोडा सरकवतो, ते त्याच्या माहितीत बघून हिशोबात घ्या. बऱ्याच फोकसरवर १.२५ इंची अडॅप्टरच्या बाहेरूनच टी-थ्रेड दिलेला असतो, तिथे कॅमेरा थेट फिरवून बसवला की काही मिमी फुकटात वाचतात, ते पहिल्यांदा करून बघा. नाही भागलं तर बुटका फोकसर, नाहीतर प्रायमरी आरसा नळीत पुढे सरकवणं. आरसा २० मिमी पुढे गेला की फोकस २० मिमी बाहेर येतो, सरळ हिशोब. त्यासाठी लांब स्क्रू आणि स्प्रिंगा घालतात किंवा नळीला नवीन भोकं पाडून आरशाचा सेल (बैठक) पुढे बसवतात. भोकं पाडण्याआधी दोन्ही आरसे बाहेर काढा, प्लीज. धातूचा कीस आरशावर पडला आणि कोणी फडक्याने पुसला की संपलं.

पण आरसा हवा तेवढा पुढे ढकलू नका. सेकंडरीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर भागिले एफ नंबर, एवढा जाड प्रकाशाचा झोत सेकंडरीवर पडतो. एफ/५ ला २०० मिमी अंतर असेल तर ४० मिमी, २३० झालं तर ४६. सेकंडरी ४७ मिमीची असेल तर मधल्या ताऱ्याचं कसंबसं भागेल, कडेचे कोपरे मात्र काळवंडतील.

अजून एक भानगड होते. फोकस लागतो, पण डीएसएलआरसारख्या खोल सेन्सरच्या कॅमेऱ्याला फोकसर खूप आत न्यावा लागतो आणि त्याची ड्रॉट्यूब (फोकसरची सरकणारी नळी) दुर्बिणीच्या नळीत घुसून प्रकाशाच्या वाटेत येते. ओळखायला सोपं, ठळक तारा मुद्दाम आऊट ऑफ फोकस करा, गोल चकतीचा एका बाजूने घास घेतल्यासारखा दिसला तर ड्रॉट्यूब आडवी येतेय. मग आरसा पुढे घ्या म्हणजे फोकसर बाहेर येईल, किंवा ड्रॉट्यूब कापा.

कोलिमेशन केलंय तरी बिघडतंय

कोलिमेशन (दोन्ही आरसे एका रेषेत जुळवणं) लेझरने केलंय म्हणजे बरोबरच असणार, असं धरून चालू नका. लेझर स्वतःच वाकडा असू शकतो. होल्डरमध्ये ठेवून जागच्या जागी फिरवा आणि लांबच्या भिंतीवरचा ठिपका बघा, ठिपका एका जागी न राहता गोल फिरत असेल तर आधी लेझर सरळ करा नाहीतर चेशायर आयपीस (लेझरशिवाय आरसे जुळवायचं साधन) वापरा. दुसरं म्हणजे एफ/४, एफ/५ च्या दुर्बिणीत सेकंडरीची काळी सावली मध्यापासून थोडी प्रायमरीच्या बाजूला सरकलेली दिसते, ती तशीच दिसायला हवी. बरेच जण तीच मध्यात आणायला स्क्रू पिळत बसतात आणि चांगलं बसलेलं बिघडवून ठेवतात.

आता खरी गंमत. लेझर लावून ठिपका बरोबर मध्यात आणा आणि मग ड्रॉट्यूबला बोटाने हलकंच दाबा, कॅमेऱ्याचं वजन पडेल तसं. ठिपका सरकला? मग अर्धा-पाऊण किलोचा कॅमेरा लटकल्यावर काय होत असेल ते समजून घ्या. यानंतर नळी एका बाजूला कलंडवा, मग दुसऱ्या बाजूला, ठिपका बघत रहा. दाबल्यावर हलला तर फोकसर किंवा त्याखालचा नळीचा पत्रा लवतोय, नुसती नळी कलंडवल्यावर हलला तर प्रायमरीच्या स्प्रिंगा किंवा सेकंडरीचा होल्डर ढिला आहे. स्प्रिंगा बदलणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित अपग्रेड आहे. लॉक स्क्रू कचकचून आवळले तर त्यांनीच आरसा सरकतो, तेव्हा आवळताना नजर ठिपक्यावर ठेवा.

फोकसर बदलणार असाल तर २ इंचीच आणि १०:१ चा बारीक नॉब असलेला घ्या. १.२५ इंची वाटेतून एपीएस-सी सेन्सरचे (बऱ्याच डीएसएलआरमधलं माप) कोपरे कापले जातात. आणि बारीक नॉब चैनीसाठी नाही, एफ/५ ला फोकसची चालण्याजोगी जागा दोन्ही बाजू मिळून जेमतेम ६७ मायक्रॉन असते, एफ/४ ला ४३च्या आसपास. जाड नॉबने ती बरोबर पकडणं म्हणजे नशिबाचा भाग. बहतिनोव मास्क (फोकस तपासायला नळीच्या तोंडावर लावायची जाळी) वापरा, आणि एकदा फोकस लावला की रात्रभराची निश्चिंती असं समजू नका. ७५० मिमीची ॲल्युमिनियमची नळी ५ अंशांनी थंड झाली की साधारण ८६ मायक्रॉन आखडते, स्टीलची त्याच्या निम्मी, म्हणजे दोन्हीत फोकस हातचा गेला. तापमान पडत असेल तर तासाभराने पुन्हा बघा.

कोमा करेक्टर लावलाय तरी कोपरे खराब

कोमा हा पॅराबोलिक आरशाचा स्वभावच आहे, कोपऱ्यातल्या ताऱ्यांना मध्यापासून बाहेरच्या दिशेने शेपूट फुटतं आणि एफ नंबर जितका लहान तितकं ते वाढतं. करेक्टर हवाच. पण नुसता घालून चालत नाही, तो सेन्सरपासून ठरलेल्या अंतरावर लागतो, बऱ्याच करेक्टरना ५५ मिमी, तरी आपल्याच्या माहितीपत्रकात बघा. मध्ये फिल्टर असेल तर काचेच्या जाडीच्या एक तृतीयांश अंतर वाढवायचं, २ मिमीच्या फिल्टरला ०.७ मिमी. मग अर्धा-एक मिमीच्या रिंगा घालत एकेक फोटो काढून कोपरे बघा. चारही कोपरे सारखे खराब असतील तर अंतर चुकलंय, एकाच बाजूचे खराब असतील तर कोलिमेशन किंवा टिल्ट (सेन्सर तिरका बसणं), तिथे रिंगा बदलून काही होणार नाही. आणि करेक्टर एका स्क्रूने धरलेला असेल तर तो तिरका बसणारच, थ्रेडवाली जोडणी वापरा.

तारे बघून रोग ओळखा

एका वेळी चार गोष्टी बदलू नका, कशाने सुधारलं ते कळत नाही. आधी फक्त १-२ सेकंदांचा फोटो काढा. लांब एक्स्पोजरमध्ये लांबट दिसणारे तारे यात गोल आले तर ऑप्टिक्सला हात लावू नका, भानगड माउंटची (दुर्बीण धरून फिरवणाऱ्या स्टँडची) आहे. माउंटबद्दल थोडक्यात एवढंच, कंपनी जेवढं वजन झेपेल म्हणते त्याच्या निम्म्याच्या आसपास रहा, न्यूटोनियनची नळी जाडजूड असल्याने वारा तिला शिडासारखा पकडतो. खगोलीय विषुववृत्ताजवळ आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं, आणि ७५० मिमी फोकल लेंग्थला ३.७६ मायक्रॉनचा एक पिक्सेल साधारण १ आर्कसेकंदाचा, म्हणजे ट्रॅकिंग नसेल तर एका सेकंदात तारा १५ पिक्सेल पळाला. ध्रुवाची जुळणी, बॅलन्स आणि गायडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंट सतत दुरुस्त करणं) याला पर्याय नाही. गायडिंगचा ग्राफ छान सपाट आणि तरी सगळे तारे एकाच दिशेने ओढलेले, असं असेल तर गायडस्कोप (गायडिंगची छोटी दुर्बीण) आणि मुख्य नळी एकमेकांच्या मानाने हलतायत. रिंगा आवळा, गायडस्कोपची बैठक पक्की करा, तरी नाही गेलं तर ऑफ-ॲक्सिस गायडर (मुख्य नळीतल्याच प्रकाशावर गायडिंग करणारा).

सगळीकडे तारे त्रिकोणी? प्रायमरीच्या तीन क्लिपा आरसा चावतायत. क्लिप आणि आरसा यांच्यात कागद सरकेल इतकी फट ठेवा, थंडीत वेगळंच दिसत असेल तर आधी हेच बघा. ठळक ताऱ्यांच्या किरणांचे दोन-दोन झालेत? फोकस नीट लागला असूनही तसं असेल तर स्पायडरच्या (सेकंडरी धरणाऱ्या सांगाड्याच्या) समोरासमोरच्या पात्या एका रेषेत नाहीत, दोरा लावून सरळ करा. आणि मध्यरात्रीनंतर सगळंच धूसर होत गेलं तर आधी सेकंडरीवर दव बघा, आकाशाकडे उघडी असल्याने बऱ्याचदा तीच आधी धुरकटते. तिच्या मागे छोटा हीटर चिकटवा, प्रायमरी पुसत बसू नका.

शेवटचा, न दिसणारा चोर म्हणजे नको तिथून घुसणारा उजेड. फ्लॅट्स (एकसारख्या उजेडात काढलेले दुरुस्तीचे फोटो) घेऊनही कडेला चट्टे राहत असतील तर दुर्बिणीला झाकण लावा, अंधाऱ्या खोलीत ६० सेकंदांचं एक्स्पोजर चालू करा आणि नळीच्या मागच्या टोकाभोवती, मग फोकसरभोवती टॉर्च फिरवा. फ्रेममध्ये काही उजळलं तर तिथून गळतंय. मागच्या बाजूला इलॅस्टिकची काळी टोपी आणि फोकसरच्या सांध्यावर काळं कापड एवढ्याने काम होतं, फक्त मागे पंखा चालू असेल तर टोपी त्याची हवा अडवणार नाही असं बघा. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडरही झाका, उजेड तिथूनही आत येतो.